पाणथळीचे शब्द

मराठी ललित गद्यात निसर्ग पुष्कळ आहे; परंतु त्यातील निसर्गाला बहुधा नाव नसते. तळे येते आणि त्याच्या काठी ‘पक्षी’ येतात, तेही लेखकाच्या मनातील हुरहुर वाहून नेण्यापुरते. चक्रवाक आम्हांस संस्कृत काव्यातून आयता मिळाला. तो हिवाळ्यात आपल्या पाण्यावर उतरणारा नारिंगी रंगाचा बदक आहे, हे पाहण्याची फारशी गरज भासली नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावयास हवे.

वनाधिकारी म्हणून त्यांनी जवळून पाहिलेला नवेगावबांधचा तलाव मुळात माणसाने बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे परंपरा सांगते. शेतीसाठी अडविलेल्या पाण्यावर पाणपक्ष्यांनी वस्ती केली आणि १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ज्याला आपण अरण्य म्हणतो त्याच्या घडणीत असे कोहळ्यांचे श्रम आहेत. ढीवरांचे आणि गोंडांचे ज्ञानही आहे. चितमपल्लींनी हे ओळखले. माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणत्याला त्यांनी गुरुस्थानी मानले. म्हणूनच त्यांचे वर्णन पाहुण्याचे वाटत नाही.

त्यांनी मराठीला दिलेले शब्द याच निष्ठेतून आले. कावळ्यांच्या वसतीला काकागार, बगळ्यांच्या विणीच्या जागेला सारंगागार, पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला रातनिवारा. हे शब्द सारखे उतरलेले नाहीत. ‘सारंगागार’ शिक्षकाला समजावून सांगावा लागेल. ‘रातनिवारा’ मात्र कोणत्याही शेतकऱ्याला आपोआप कळेल. संस्कृताच्या आधारापेक्षा बोलीच्या आधाराने त्यांची प्रतिभा अधिक मोकळी होते, असे माझे मत आहे.

या लेखनाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले त्यांच्या गद्यात पुष्कळदा एकाच ओघात येते. दंतकथेने त्याला गोडवा येतो हे खरे. पण निरीक्षण कोठे संपले आणि लोकसमजूत कोठे सुरू झाली, हे वाचकालाच निवडावे लागते. वर्गात हे लेखन शिकविताना ही निवड विद्यार्थ्यांकडून करवून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या भागांतच, तोही अल्प संख्येने उरला आहे. कायदा तलावाचे रक्षण करील; परंतु सारस आणि बगळा या दोहोंना केवळ ‘पक्षी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतील एक नाहीसा झाला तरी उणीव जाणवणार नाही. म्हणून आपल्या शाळांनी चितमपल्लींचा उतारा वाचून थांबू नये. मुलांना गावच्या तळ्यावर न्यावे, तेथील कोळ्याला नावे विचारू द्यावीत. आपल्या भागात ती नावे कधी कानडी, कधी कोकणी, कधी माळवी निघतील. ती तशीच वहीत उतरवून घ्यावीत. मराठीचे त्यात काहीही उणे होणार नाही.