वेबचा खर्च कोणाच्या खात्यावर?

हा लेख साधारण दीड हजार शब्दांचा आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सगळा मजकूर मिळून तीस केबीच्या आसपास भरेल. हाच मजकूर एखाद्या वृत्तसंकेतस्थळावर चढवला, की त्याच्या मागोमाग जाहिराती येतात, वाचक कुठून आला आणि किती वेळ थांबला हे टिपणाऱ्या स्क्रिप्ट येतात, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ येतो आणि ‘आमचं ॲप घ्या’ म्हणणारी खिडकी येते. एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प २०१० पासून वेबपानांची नियमित वजनं घेतो. सुरुवातीच्या नोंदींमध्ये मध्यम वजनाचं पान अर्ध्या एमबीच्या आतबाहेर होतं; २०२४ मध्ये डेस्कटॉपवरचा तोच आकडा अडीच एमबीच्या पुढे गेला. वाचायला तीस केबी आणि उतरवून घ्यायला त्याच्या ऐंशीपट, असा हा व्यवहार आहे.

पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती, की यंत्रं जेवढ्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावतं. त्यांनी बोट ठेवलं ते घाईवर आणि नको त्या सोयींच्या हव्यासावर. निदान खरं आहे, पण आजच्या वेबला ते पुरत नाही. आज सॉफ्टवेअर लिहिणारे विर्थ यांच्या काळातल्या लोकांपेक्षा आळशी नाहीत, अडाणीही नाहीत. फरक पडला आहे तो हिशेबात. निर्णय एकाचा आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी, अशी रचना वेबच्या प्रत्येक थरात मुरली आहे. पानाचं वजन, फुकटच्या कोडवरचं अवलंबन, ब्राउझरांची मक्तेदारी आणि आता एआयने लिहिलेला कोड, या चारही दुखण्यांची नाडी तिथेच सापडते.

पहिल्यांदा वजन. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आणली, तेव्हा एकाच गोष्टीसाठी इंटरनेट एक्सप्लोररचा वेगळा आणि फायरफॉक्सचा वेगळा कोड लिहावा लागे. जेक्वेरीने तो त्रास संपवला. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट हे पानं बांधण्याचं तयार साधन (फ्रेमवर्क) खुलं केलं, त्यामागेही खरी अडचण होती. ज्या पानावर चॅट, सूचना आणि प्रतिक्रिया एकाच वेळी बदलत असतात, तिथे पडद्यावरचं चित्र आणि आतली माहिती जुळती ठेवणं जिकिरीचं असतं. रिॲक्टने ते सुटसुटीत केलं. गडबड झाली ती पुढे. फेसबुकचं औषध शाळेच्या, पतसंस्थेच्या आणि नगरपालिकेच्या संकेतस्थळांनाही लागू झालं, जिथे बदलणारी गोष्ट म्हणजे महिन्यातून एखादी सूचना.

त्याचा परिणाम कसा होतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. अशा पानाची अक्षरं सर्व्हरकडून तयार होऊन येतात, म्हणून पान लगेच ‘दिसतं’. पण त्याच मजकुराची माहिती दुसऱ्यांदा, स्क्रिप्टच्या पोटातून येते. मग फ्रेमवर्कचा सगळा कोड उतरतो, फोनचा प्रोसेसर तो वाचतो, अख्ख्या पानाची मनातल्या मनात पुन्हा जुळणी करतो आणि त्यानंतर प्रत्येक बटणाला त्याचं काम चिकटवतो. या प्रकाराला हायड्रेशन म्हणतात. तोवर पडद्यावरचं ‘पुढे जा’ हे बटण नुसतं चित्र असतं. महागड्या लॅपटॉपवर हा काळ जाणवतही नाही. सात-आठ हजारांच्या फोनवर माणूस बटण दाबतो, काही होत नाही, पुन्हा दाबतो, आणि मग एकच अर्ज दोनदा जातो किंवा ओटीपीची मुदत संपते. दोष फोनला दिला जातो, नाहीतर ‘रेंज नाही’ म्हणून नेटवर्कला.

मोजमापाचीही हीच गत होती. प्रतिसादाच्या बाबतीत गुगल काही वर्षं पान पहिल्या स्पर्शाला हात घालायला किती उशीर करतं एवढंच मोजत असे. त्या परीक्षेत बहुतेक संकेतस्थळं सहज उत्तीर्ण होत. मार्च २०२४ पासून तो निकष बदलला आणि स्पर्श झाल्यापासून पडद्यावर प्रत्यक्ष काही हलेपर्यंतचा वेळ धरला जाऊ लागला. दोनशे मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळालं तर पान चांगलं. मग कालपर्यंत हिरव्या रंगात असलेली कित्येक पानं, विशेषतः मोबाइलवर, पिवळी-लाल झाली. पानं तीच होती. पहिल्यांदाच खर्च वाचकाच्या बाजूने मोजला गेला.

आपल्याकडे या धड्याची फी भरून झाली आहे. मिंत्राने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून फक्त ॲप ठेवलं. ग्राहकाने फोनमधली जागा द्यावी, ॲप उतरवून घ्यावं, अपडेट करत राहावं, असा तो सौदा होता. ग्राहकांना तो परवडला नाही, आणि २०१६ मध्ये आधी मोबाइल वेब आणि मग पूर्ण संकेतस्थळ परत आलं. फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस फ्लिपकार्ट लाइट आणलं, ते कमजोर जोडणीवरही चालावं अशा बेताने बांधलेलं होतं. ग्राहक सोडून जाऊ शकतो, तिथे कंपनी खर्च परत घेते. सातबारा, शिष्यवृत्ती किंवा प्रवेशपरीक्षा यांसाठी दुसरं दुकान नसतं. तिथे ती सक्ती नाही.

यात पुण्या-मुंबईतल्या आणि बंगळुरूतल्या सेवाकंपन्यांचं अर्थकारण मिसळतं. क्लायंटला बिल जातं ते माणसांच्या तासांचं. दोनशे ओळी लिहिल्या तर तास दाखवता येतात. हजार ओळी काढून टाकल्या तर ‘या स्प्रिंटमध्ये केलंत काय?’ असा प्रश्न येतो. नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्टचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, फॉर्म नुसत्या एचटीएमएलमध्ये धड बांधता येतो का हे क्वचितच कोणी विचारतं. मग उमेदवार फ्रेमवर्क शिकतो आणि टीम लीड उमेदवार मिळतील म्हणून तेच फ्रेमवर्क निवडतो. या चक्रात प्रत्येक जण शहाणपणानेच वागत असतो, आणि तरी शेवटी जड पानच तयार होतं.

दुसरं दुखणं परक्या कोडचं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरचं नावावरून एका कंपनीशी भांडण झालं आणि त्याने एनपीएम या भांडारातून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं: शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणाऱ्या अकरा ओळी. त्या गायब होताच जगभरच्या प्रकल्पांची जुळणी अडली, रिॲक्ट आणि बेबलसारख्यांचीही. तेव्हा लोक हसले, ‘अकरा ओळीही स्वतः लिहिता येत नाहीत?’ म्हणाले. हसण्याच्या नादात खरी गोष्ट निसटली. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांचा माल अशा माणसावर उभा होता ज्याच्याशी त्यांचा ना करार होता, ना देणंघेणं.

पुढच्या घटनांत हसण्यासारखं काही नव्हतं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या कंटाळलेल्या लेखकाने ते मागायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हवाली केलं, आणि नव्या मालकाने त्यात बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड घुसवला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या साध्या नोंदवहीत भगदाड सापडलं आणि बँकांपासून सरकारांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. ती नोंदवही सांभाळत होते मूठभर स्वयंसेवक. २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण तर थरारकथेला लाजवेल असं. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, खरीखुरी कामं करून एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला आणि लिनक्स सर्व्हरांमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा त्यात बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याला खटकलं. ज्या धंद्याने वाचकाचे पाच-पाच सेकंद सहज खर्ची टाकले, त्याला या वेळी वाचवलं ते अर्ध्या सेकंदाचा हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाने.

या थरात खर्च परत घ्यायला थोडी सुरुवात झाली आहे. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्यावर धंदा चालतो त्याचे पैसे द्यावेत, एवढाच त्यामागचा सरळ विचार. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. विकलेल्या मालात कोणाचाही कोड असो, सुरक्षिततेचं उत्तर विकणाऱ्याने द्यायचं, हे त्याचं सार. दानधर्मापेक्षा हा कायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण निधी कंपनीच्या मर्जीवर असतो आणि दंड तसा नसतो.

तिसरी गोष्ट ब्राउझरची. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ मध्ये आला आणि स्पर्धा संपल्यावर मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती आणायला पाच वर्षं घेतली. तेव्हाची मक्तेदारी साचलेल्या पाण्यासारखी होती. आजची मक्तेदारी उलट, धावणारी आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने वेबमध्ये इतक्या नव्या क्षमता घातल्या, की ब्राउझरचं इंजिन सांभाळणं हे बलाढ्यांचंच काम उरलं. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये हात टेकले. दोघांनीही क्रोमचा पाया स्वीकारला. आता प्रमुख इंजिनं उरली तीन: गुगलचं, ॲपलचं आणि मोझिलाचं.

ही तीनही एकाच ओंजळीने पाणी पितात. सफारीत गुगल हेच पहिलं शोधयंत्र राहावं म्हणून २०२२ या एका वर्षात गुगलने ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भागही गुगलकडूनच येतो. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलला शोधव्यवसायातली बेकायदा मक्तेदार ठरवलं, पण सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम विकायला लावलं नाही. वाचकाला याची झळ कशी लागते? जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनसारख्या विस्ताराची जुनी, ताकदवान आवृत्ती क्रोमच्या नव्या नियमांत बसेनाशी झाली. सुरक्षिततेची कारणं दिली गेली आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती किती अडवता येतील हे ठरवायचं, या मांडणीतच खोट आहे. लेडीबर्डसारखे ब्राउझर शून्यापासून नवं इंजिन बांधत आहेत. त्यांना यश येवो. तूर्त ते धाडसाचं उदाहरण आहे, पर्याय नाही.

आता एआय. कोड सुचवणारा गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी यांनी, कोडकडे न पाहता यंत्राकडून तो लिहवून घेण्याच्या रीतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिलं. कंटाळवाणं काम झटपट उरकतं हे खरं, आणि लहान संस्थेला जे कधीच परवडलं नसतं ते आज जमतं. पण लिहिणं स्वस्त झालं म्हणून वाचणं स्वस्त झालेलं नाही. कर्ल हे जगभरच्या यंत्रांत बसलेलं साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांच्याकडे एआयने रचलेल्या, दिसायला विद्वान आणि आतून पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींचा ढीग पडू लागला. प्रत्येक तक्रार लिहायला मिनिट आणि खोटी ठरवायला तास. शेवटी त्यांनी दोष शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजनाच गुंडाळली. यंत्र आहेत त्याच पानांवरून शिकतं, त्यामुळे साधा फॉर्म मागितला तरी ते पुष्कळदा फ्रेमवर्कसकट देतं. वर सांगितलेली सगळी वजनं आता आपोआप वाढतील, ही भीती अनाठायी नाही.

चांगलं काम कुठे होतंच नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ब्रिटनच्या गव्ह.यूके या सरकारी संकेतस्थळाने २०२२ मध्ये जेक्वेरी काढून टाकली. वाचले किती, तर सुमारे ३२ केबी, या लेखाएवढेच. पण हा फरक त्यांनी जुनं यंत्र आणि मंद जोडणी धरून मोजला, आणि तिथे तो ठसठशीत दिसला. एसक्यूलाइट हा डेटाबेस तीन-चार माणसं सांभाळतात, त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे, आणि २०५० पर्यंत तो चालवू असं त्यांनी जाहीर केलं आहे. विकिपीडिया आजही स्क्रिप्ट बंद ठेवून वाचता येतो. एचटीएमएक्ससारखी छोटी साधनं पुन्हा सर्व्हरकडून तयार पान मागवू लागली आहेत, आणि ज्यांसाठी एकेकाळी जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या लागत ती कितीतरी कामं आता नुसत्या सीएसएसमध्ये होतात.

या उदाहरणांत समान काय आहे, तर निर्णय घेणाऱ्यानेच परिणाम भोगायचे ठरवलेले आहेत. म्हणून उपायही प्रवचनाचा नको, कागदावरचा हवा. सरकारी निविदेत भाषा आणि सुलभतेच्या अटींसोबत पानाच्या वजनाची कमाल मर्यादा लिहावी, आणि स्वीकारचाचणी बाजारातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर घ्यावी. कंपनीने वापरलेल्या मुक्तस्रोत पॅकेजांची यादी लेखापरीक्षणाला जोडावी आणि त्यांच्या देखभालीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. यंत्राने लिहिलेल्या कोडखाली तो वाचून पाहणाऱ्या माणसाचं नाव असावं. हलकं पान बांधण्याची कला कोणी विसरलेलं नाही. ती येणारे लोक प्रत्येक टीममध्ये एखाददुसरे असतातच. पण निविदेत आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्या कलेला स्वतंत्र रकाना मिळत नाही तोवर खर्च वाचकाच्याच खात्यावर पडत राहणार.