दाखवायचं अक्षर, वाचायचं अक्षर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अंबाजोगाईचं नाव येतं ते मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’मुळे आणि दासोपंतांच्या ‘गीतार्णवा’मुळे. अक्षरकलेच्या इतिहासात मात्र बीड जिल्ह्यातल्या या गावाची नोंद वेगळ्या कारणासाठी व्हायला हवी. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता कापडावर लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. पंचमहाभूतांचा अवघड विषय त्यांनी ओव्या आणि आकृत्या यांची सांगड घालून मांडला. पोथीचं पान हातात मावतं. पासोडी वाचायची तर तिच्या कडेकडेने सरकावं लागतं. एवढ्या मोठ्या पटावर कोणता मजकूर कुठे बसवायचा, कोणत्या आकृतीशेजारी कोणती ओवी यायला हवी, हे आधी ठरवल्याशिवाय असं लेखन होत नाही. वळणदार अक्षर त्या काळी पुष्कळांचं होतं. दासोपंतांचं वेगळेपण आहे ते मांडणीत.

गेल्या पन्नास-साठ वर्षांतली मराठी अक्षरकला पाहताना हीच कसोटी लावावीशी वाटते. अक्षर किती देखणं आहे, हा त्यातला सोपा प्रश्न. ते मजकूर किती नीट पोचवतं, हा खरा प्रश्न. या कसोटीवर आपलं चित्र दुभंगलेलं दिसतं. दाखवायच्या अक्षराला आपल्याकडे बरकत आली आहे; वाचायचं अक्षर मात्र मोजक्या माणसांच्या चिकाटीवर उभं आहे. पहिल्याची प्रदर्शनं भरतात, कार्यशाळा गर्दीत होतात. दुसऱ्यावर दोन शब्द लिहायला समीक्षकच नाही.

वाचायच्या अक्षराचा पाया शिशाच्या खिळ्यांनी घातला. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणू रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांवरून ओतलेल्या खिळ्यांनी छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर वाचले गेले. पण देवनागरी यंत्राला सहज वश होणारी नव्हती. अक्षराच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार, शिवाय एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. त्यामुळे जुळाऱ्यापुढच्या केसमध्ये खिळे शेकड्यांनी लागत. ते कमी व्हावेत म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली. शासकीय मुद्रणाचे संचालक राहिलेल्या बापूराव नाईकांनी हा सगळा इतिहास आणि त्यातलं तंत्र १९७१ मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’च्या तीन खंडांत बांधलं. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बहुतेक सुधारणांत वाकावं लागलं ते अक्षराला. यंत्र होतं तसंच राहिलं.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचं मोठेपण हे की त्यांनी हे नातं उलटं करायचं ठरवलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत उपयोजित कला शिकलेल्या या माणसाने उल्का या जाहिरातसंस्थेत काम केलं. पुढे १९८३ पासून ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवू लागले, आणि त्यानंतर एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टंक घडवण्यात गुंतले. ते कवीही होते, आणि अक्षराचा आकार व कागदावरची मोकळी जागा हाच कवितेचा आशय मानणारे कवी होते. म्हणूनच ‘मंगल’ या त्यांच्या देवनागरी टंकाकडे पाहताना गंमत वाटते. इतका प्रयोगशील कवी, आणि त्याचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं काम असं की ज्यात कवीपणाचा मागमूसही नाही.

‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळ, तेलुगू, गुजराती, गुरुमुखी, कन्नड अशा लिप्यांचे टंकही केले. तोवर संगणकावर मराठीची सांकेतिक रचना टंकागणिक बदलत असे. एका कार्यालयात टाइप केलेलं पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडलं की चित्रविचित्र चिन्हं दिसत. युनिकोड ही सामाईक संकेतरचना आणि ‘मंगल’ यांनी ही कटकट संपवायला सुरुवात केली. सौंदर्याच्या अंगाने ‘मंगल’ फार वरचा नाही. त्या वेळच्या पडद्यावर बारीक आकारात अक्षर फुटू नये, ही त्याची पहिली गरज होती. ती त्याने भागवली. तोच टंक पुढे कागदावरच्या शासकीय पत्रांत, निमंत्रणपत्रिकांत आणि पुस्तकांतही मुक्कामाला आला, हा दोष टंकाचा नाही, निवडणाऱ्यांचा आहे. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ‘देशनागरी’ असावी, ही जोशींची कल्पना मात्र स्वप्नाळू होती. लिपी केवळ ध्वनी टिपत नाही, तिच्याशी माणसांचा जिव्हाळा जडलेला असतो. तो त्या आराखड्यात मावला नाही.

जिव्हाळ्याचं उदाहरण लांब शोधायला नको. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, असं महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात नमूद केलं. तरी संगणकावरच्या अनेक टंकांत आपोआप उमटतात ते हिंदी वळणाचे ल आणि श. मराठीसाठी वेगळा आकार टंकात घालून ठेवता येतो, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे आज्ञावलीला कळलं तरच तो बाहेर येतो. इंग्रजीवरून आलेल्या शब्दांसाठी रोज लागणाऱ्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. दाखवायच्या अक्षराची चर्चा रंगत असताना वाचायच्या अक्षराचे हे प्रश्न कोपऱ्यात पडून राहिले.

दाखवायच्या अक्षराचा आनंद कमी लेखायचा नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांतून मराठी माणसाला अक्षर बघायला शिकवलं. नाटकाचा स्वभाव त्यातल्या चार-पाच अक्षरांत उतरवणं ही त्यांची ताकद, आणि ती ताकद वृत्तपत्राच्या जाहिरातीच्या टीचभर जागेत दिसली. अच्युत पालव यांनी जे. जे.तून बाहेर पडल्यावर उल्काच्या शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला आणि तिच्या प्रवाही वळणातून ‘मुक्तलिपी’ काढली. गावोगावच्या प्रात्यक्षिकांतून त्यांनी सुलेखनाला श्रोते आणि प्रेक्षक मिळवून दिले. २०२५ च्या पद्मश्रीने त्या कामावर मोहर उमटवली. अडचण आहे ती मागून आलेल्यांची. जाड ब्रशचा एक फटकारा, लांबवलेली वेलांटी, शिवराय, वारी आणि गणपती. एवढ्या सामग्रीत बरंचसं सुलेखन अडकलं आहे. त्यात अक्षर शोभतं, पण त्याने ओळ बांधता येत नाही. परिच्छेद तर दूरच.

परिच्छेदाचं काम सध्या तरुण टंकरचनाकार करत आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’ आणि दहा लिप्यांतला ‘अनेक’ असे टंक मोफत खुले केले. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ काढले. उभी जोडाक्षरं मोडायची सक्ती आता तंत्राकडून राहिलेली नाही. द्ध, क्त, ह्म हवे तसे उमटतात. यातली खटकणारी बाब वेगळी आहे. मोबाइलच्या पडद्यासाठी आणि रोमन टंकाशी जोडी जमावी म्हणून केलेल्या पुष्कळ टंकांत रेघ एकसारख्या जाडीची असते. बोरूच्या तिरक्या छाटामुळे देवनागरीला मिळालेली जाड-बारीक लय त्यात हरवते. सूचनाफलकावर हे चालून जातं. कादंबरीच्या तीनशे पानांत डोळा थकतो. दीर्घ वाचनासाठी खास घडवलेले मराठी टंक आजही बोटांवर मोजावेत इतकेच आहेत.

बीडसारख्या जिल्ह्यात या दुभंगाची किंमत चांगलीच कळते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने मागे सारले. त्यांचं अक्षर शास्त्रशुद्ध होतं असं नाही, पण पाटीची लांबी पाहून ते अक्षर कमी-जास्त रुंद करत आणि शब्दांतलं अंतर राखत. फ्लेक्सवर अक्षर खेचून ताणलं जातं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांतलं अक्षरलेखन विद्यार्थ्याला एखादा शब्द आखून रंगवायला शिकवतं. दहा ओळींचा मजकूर कसा बसवायचा हे नाही. मोडीच्या बाबतीतही हाच दुभंग दिसला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. दप्तरं उर्दूत आणि मोडीत होती. ती वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्येच जागा मिळाली होती, आणि मोडीची वळणं चित्रांत, टी-शर्टवर, दिवाणखान्यांत केव्हाच पोचली होती. वाचणारे मात्र तयार झाले नव्हते.

म्हणून या कलेची आजची गरज आणखी एका प्रदर्शनाची नाही. पुस्तकात मुखपृष्ठकाराचं नाव छापतो, तसं आतल्या टंकाचं आणि तो घडवणाऱ्याचंही छापलं जावं. परीक्षणात मुद्रणदोषांपलीकडे ओळीची लांबी, दोन ओळींतली जागा, उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो का, यावर बोललं जावं. आणि अक्षरकलेची कार्यशाळा बीडला आली, तर पहिली रांग तिथल्या डीटीपी चालकांसाठी राखून ठेवावी. निकालपत्रं, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, निवडणुकीची पत्रकं, जिल्ह्यातला बहुतेक छापील मजकूर त्यांच्याच हातून जातो. मराठी अक्षराचं बरं-वाईट ते रोज ठरवतात, आणि त्यांना आजवर कुणी काही शिकवलेलं नाही.