‘आशावादी विद्यार्थी निरोगी राहतो’ : एका निष्कर्षाची चिकित्सा

आशावाद, आत्मविश्वास आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्यसवयी या विषयावरचे एखादे सर्वेक्षण तुम्ही वाचले असेल, कदाचित प्रकल्पासाठी केलेही असेल. निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो. आशावादी आणि आत्मविश्वास असलेले विद्यार्थी नीट जेवतात, व्यायाम करतात, वेळेवर झोपतात. म्हणून विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढवावा. यातला ‘म्हणून’ मला खटकतो.

आधी मोजमाप पाहू. आशावादासाठी सहसा शायर, कार्व्हर व ब्रिजेस यांची १९९४ ची सुधारित चाचणी वापरतात. तिच्यात १० विधाने असली तरी गुण फक्त ६ विधानांचे धरायचे असतात. उरलेली ४ भरीची. (दहाही विधानांची बेरीज केलेले अहवाल मी तपासले आहेत. त्यांतही निष्कर्ष हाच होता!) आत्मविश्वासासाठी श्वार्झर व येरुसलेम यांची १० विधानांची श्रेणी असते. ती विचारते, अवघड प्रश्न तुम्ही सोडवू शकता का, अचानक आलेल्या अडचणीला तोंड देऊ शकता का. पण ज्या अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना मांडली, त्यांचा आग्रह होता की ‘मला हे जमेल’ हा विश्वास कामागणिक वेगळा मोजावा. गणितात कशालाही न घाबरणारी मुलगी सबमिशनच्या आठवड्यात रात्री बाराला झोपू शकेलच असे नाही. सामान्य श्रेणीत झोपेचा प्रश्नच नसतो.

आशावादाचे तर आणखी अवघड आहे. नील वाइनस्टीन यांनी १९८० मध्ये २५८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ४२ घटनांबद्दल विचारले : हे तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता वर्गमित्रांच्या तुलनेत किती? एकंदरीत उत्तर असे निघाले, की चांगले आपल्या वाट्याला जास्त येईल आणि वाईट कमी. ‘मला काही होत नाही’ म्हणत परीक्षेच्या काळात चहा-बिस्किटांवर दिवस काढणारा मुलगाही आशावादीच असतो. ओटिंगेन आणि वॅडन यांच्या १९९१ च्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या ज्या स्त्रियांना यशाची खात्री होती, त्यांचे वजन अधिक उतरले. ज्या यशाची नुसती गोड चित्रे रंगवत होत्या, त्यांचे कमी. म्हणजे अपेक्षा आणि कल्पनारंजन यांचे परिणाम उलट दिशांना गेले. एका शब्दाखाली दोन्ही कोंबले, की सहसंबंध गुणांकाचा अर्थ लागत नाही.

दिशेचा प्रश्न आहेच. रोज धावणारा ‘मला जमते’ असे म्हणणारच. तो म्हणतो म्हणून धावतो, की धावतो म्हणून म्हणतो? एकाच दिवशी, एकाच मनःस्थितीत भरलेल्या प्रश्नावलीतून हे कळत नाही. व्होल्टमीटर त्याच व्होल्टमीटरशी पडताळून पाहिला तर आपण प्रयोगवहीवर सही करत नाही.

या विश्वासाचा उपयोग नाही, असे माझे म्हणणे नाही. व्यायाम टिकवण्यात त्याचा वाटा आहे. पण बँडुरांच्या मते तो मुख्यतः प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून येतो. शाब्दिक प्रोत्साहनाचा जोर त्यामानाने कमी. शिवाय आरोग्यवर्तनावरच्या २००४ च्या लेखात त्यांनी परिस्थितीतल्या सोयी आणि अडथळेही हिशेबात धरले होते. आपल्या सर्वेक्षणांतून नेमका तोच भाग गळतो.

माझ्याकडूनही तो गळला होता. काही वर्षांपूर्वी माझ्या गटातला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा सारखा आजारी पडायचा. नाश्ता करत नाही, असे कळल्यावर मी त्याला अर्धा तास ‘मनावर घे, जमेल’ असे समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, मेसमध्ये नाश्ता सव्वाआठला येतो. तुमचं प्रॅक्टिकल साडेआठला असतं, आणि उशीर झाला तर तुम्ही आत घेत नाही.”

पुढच्या सत्रात मी ती बॅच दुपारी घेतली. तुमच्या प्रश्नावलीत मेसच्या आणि तासिकांच्या वेळांसाठी एक रकाना ठेवा.