चेहरा आणि पाय

आत्मचित्र म्हणजे चेहरा, हे समीकरण प्रस्थापित कलासमीक्षेने इतके पक्के केले आहे की त्यामागे वर्ग आणि जात उभी आहे याचाच विसर पडावा. स्वतःला चितारायला आरसा लागतो, निवांतपणा लागतो आणि आपले तोंड पाहण्याजोगे आहे हा विश्वास लागतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना हा विश्वास कोण देणार होते?

२०१८ साली गूगलने 'फेसेस ऑफ फ्रीडा' हे फ्रीडा काहलोच्या चित्रांचे ऑनलाईन प्रदर्शन मांडले. त्यात ३३ संस्था सामील होत्या. कलादालनाची पायरी कधीही न चढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ती चित्रे मोबाईलवर दाखवतो. घरातला पहिला पदवीधर असल्याने असे दार उघडण्याचे मोल मी जाणतो. पण प्रदर्शनाच्या नावातच चेहरा आहे. फ्रीडाचा उजवा पाय बालपणीच्या पोलिओने खुरटला होता. १९५३ साली तो गुडघ्याखाली कापावा लागला. १९३८ च्या 'व्हॉट द वॉटर गेव्ह मी' या चित्रात टबातल्या पाण्यातून समोर येतात ते तिचे पायच. तेही आत्मचित्रच आहे.

आमच्या मुलखाचे चेहरे मात्र दुसऱ्यांनी टिपले. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड निघाले. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यातल्या बहुतेक छायाचित्रांखाली जातीजमातीचे नाव आहे, माणसाचे नाही.

या पार्श्वभूमीवर प्रभाकर कांबळे यांनी २०२१ साली संयोजित केलेले 'ब्रोकन फूट' हे ऑनलाईन प्रदर्शन मला महत्त्वाचे वाटते. पुरुषसूक्ताने शूद्राला पायांतून जन्माला घातले. २०२० च्या टाळेबंदीत तेच पाय देशभरच्या रस्त्यांवर आले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूरही पायी गावाकडे निघाले. ज्या अवयवावरून आपले हीनत्व ठरवले गेले तोच पुढे करून 'हा मी' असे म्हणणे, हा नकार आहे आणि आत्मभानही.

तरीही एक प्रश्न उरतो. हे प्रदर्शन चित्रविक्रीच्या संकेतस्थळावर भरले. त्याचे नाव इंग्रजी. पाय ज्याचे फुटले तो मजूर चित्राचा विषय झाला, प्रेक्षक किती झाला? १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा सोसणारा आणि लिहिणारा एकच होता, आणि ते वाचणाऱ्यांत त्याची माणसेही होती. १९८६ साली शांताबाई कांबळे यांनी तर आपल्या आत्मकथनाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले. शब्दांनी साधलेले हे नाते रंगरेषांना अजून जोडायचे आहे.

आज गावोगाव मोबाईल आहे, सेल्फी आहे. पण माझे विद्यार्थी सेल्फी काढताना रंग उजळ करणारा फिल्टर लावतात, तेव्हा ते स्वतःकडे कुणाच्या डोळ्यांनी पाहतात? कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात आणि वस्तीत विचारला पाहिजे. आश्रमशाळेच्या भिंतीवर मुलांनी स्वतःची चित्रे लावावीत. खाली मराठीत, माडियात दोन ओळी लिहाव्यात. मग ती खुशाल ऑनलाईन जावोत. चेहरा काढायचा संकोच वाटत असेल तर आधी पाय काढावेत, भेगांसकट. मात्र खाली स्वतःचे नाव लिहायला विसरू नये.