निघून गेलेल्यांची बाजू : एका संशोधन-प्रस्तावाचे रसग्रहण

संशोधन-प्रस्ताव, विद्यार्थ्यांच्या भाषेत सिनॉप्सिस, आवडीने कुणी वाचत नाही. गाईड सहीपुरता वाचतो, समिती आक्षेपापुरता. मला मात्र हा गद्यप्रकार आवडतो. जे काम अजून झालेलेच नाही, त्याच्याबद्दल नेमकेपणाने लिहायचे, ही अट साधी नाही. अहवालात निष्कर्षांच्या आड लपता येते. प्रस्तावात लपायला जागाच नसते. लिहिणारा विचार कसा करतो एवढेच तिथे दिसते.

नमुन्यादाखल एक प्रस्ताव समोर ठेवतो. तो कुणा एकाचा नाही, मीच जुळवला आहे. सिल्वासाचा एखादा एमबीएचा विद्यार्थी लिहील असा. शीर्षक आहे : ‘करसवलती संपल्यानंतर सिल्वासा परिसरातील यार्न टेक्स्चरायझिंग उद्योगांचे स्थैर्य आणि स्थलांतर : निर्णयामागील कारणे’.

शीर्षक लांब आहे, पण त्यातला एकही शब्द फुकट बसलेला नाही. ‘सिल्वासाचा औद्योगिक विकास : एक अभ्यास’ असे लिहून मोकळे होता आले असते, आणि मग दोनशे पाने काहीही लिहिता आली असती. (‘एक अभ्यास’ हे शेपूट आपल्या विद्यापीठांनी कायमचे कापून टाकावे.) शीर्षकानेच कुंपण घालण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी 1930च्या दशकात ज्या पाहण्या केल्या, त्यांची शीर्षके बघा : पुण्यातला फळांचा व्यापार, मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक. फळेच, भाजी नाही. सहाच जिल्हे, सातवा नाही. एवढी सीमा आखली की आतले सगळे तपासायची जबाबदारी आपोआप अंगावर येते.

आपल्या नमुन्यात उद्योगाची निवडही हुशारीची आहे. टेक्स्चरायझिंगला खाण लागत नाही की नदी लागत नाही. पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेला कृत्रिम धागा, बाहेरून येतो, त्याला उष्णता आणि पीळ देऊन फुलवतात, आणि तो विणकरांकडे, बराचसा सुरतेकडे, निघून जातो. वीज आणि रस्ता मिळाला की हा धंदा कुठेही मांडता येतो. ज्याला कुठेही जाता येते, तो इथेच का थांबला, हे विचारण्यात अर्थ आहे. हाच प्रश्न धरणाला विचारून उपयोग नाही.

पार्श्वभूमीचा भाग विद्यार्थ्याने दीड पानात उरकला आहे, ते बरे केले. 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीजांपासून सिल्वासाची मुक्तता, 1965मध्ये दान उद्योग सहकारी संघाने पिपरियात उभारलेली औद्योगिक वसाहत, पुढे मसाट आणि खडोलीच्या सरकारी वसाहती, विक्रीकरातली दीर्घ सूट, आणि तिच्या ओढीने मुंबई-गुजरातेतून आलेले कारखानदार. मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते, हा तपशील तो गाळतो. मराठी माणसाला तो गाळताना त्रास झाला असणार, पण प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

खरी गंमत ‘संपल्यानंतर’ या शब्दात आहे. सवलत नेमकी कधी संपली? ज्या युनिटने जेव्हा उत्पादन सुरू केले, त्याप्रमाणे त्याची मुदत. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गाळ्यांत दोन वेगळ्या तारखा. शिवाय 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि विक्रीकराचा खेळच मोडला. विद्यार्थ्याने पहिल्या खर्ड्यात सरसकट 2017 धरले असते तर सगळा अभ्यास वाकडा गेला असता. इथे तो प्रत्येक युनिटची तारीख वेगळी नोंदवण्याचे ठरवतो. काम तिपटीने वाढते, पण उत्तर विश्वासार्ह होते.

आता नमुना-निवडीकडे येऊ. इथेच बहुतेक प्रस्ताव पडतात. नेहमीचे वाक्य ठरलेले असते : परिसरातील पन्नास कारखान्यांची यादृच्छिक निवड करून व्यवस्थापकांकडून प्रश्नावली भरून घेतली जाईल. वाचायला निर्दोष वाटते. पण आज गेटवर जाऊन भेटणारा प्रत्येक व्यवस्थापक थांबलेल्या कारखान्याचा आहे! जे गेले ते यादीतच नाहीत. थांबलेले सांगणार की वीज परवडते, वापी स्टेशन आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जवळ आहे, कामगार मिळतात. कदाचित गेलेल्यांनाही हेच सगळे मिळत होते. तरीही ते गेले. मग ही कारणे कसली?

आपला विद्यार्थी हे ओळखतो. जुन्या वसाहतींच्या वाटप-नोंदी, उद्योगसंघटनांच्या मागच्या वर्षांच्या सभासद-याद्या, बंद गाळ्यांचे शेजारी आणि यार्नचे दलाल यांच्याकडून तो निघून गेलेल्यांचा माग काढणार आहे. निदान दहा जणांशी फोनवर बोलणार आहे. प्रस्तावातला हा परिच्छेद मी दोनदा वाचतो. त्यात अलंकार नाही, पण आपली फसगत कुठे होईल हे आधीच पाहून ठेवलेले आहे.

साहित्याच्या आढाव्यात त्याने एक जुने काम नेमके उचलले आहे. टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये गेले. स्वयंचलित माग बसले होते, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. राइस यंत्रांपाशी थांबले नाहीत. कोणता कामगार कोणत्या मागांसाठी जबाबदार आहे, याचा गोंधळ त्यांनी पाहिला आणि लहान गट करून काम वाटण्याचा प्रयोग झाला. विद्यार्थी हे नुसते नोंदवत नाही, त्यातून प्रश्न घेतो : थांबण्याचे कारण मालकाच्या हिशोबवहीत नसून पाळीवरच्या जुन्या कामगारांत असेल तर? म्हणून त्याच्या प्रश्नावलीत मालकांच्या जोडीला पाळीप्रमुखही येतात.

उणिवा आहेत. साडेतीन महिन्यांचे वेळापत्रक भाबडे आहे. दिवाळीत अर्धे कामगार गावी गेलेले असतात, हे सिल्वासात राहणाऱ्याला तरी ठाऊक हवे. समाधान मोजायला पाच पायऱ्यांची लिकर्ट श्रेणी जोडली आहे, तिची इथे गरज नव्हती. माहिती देणाऱ्या कारखान्याचे नाव गुप्त ठेवण्याबद्दल फक्त एक ओळ आहे, आणि कराबद्दल बोलायला लावणाऱ्या अभ्यासात एक ओळ पुरत नाही. तरीही हा प्रस्ताव मी पास करीन, नमुना-निवडीच्या त्या एका परिच्छेदासाठी.

यंदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना एकच सांगणे : गाईडच्या सहीला नेण्याआधी तुमच्या यादीत कोण नाही, याची वेगळी यादी करा, आणि ती प्रस्तावाला जोडा.