एसजी ५५३ चा दोष काय होता?

‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये एके-४७ ला २७०० डॉलर पडायचे. स्कोपवाली एसजी ५५३ ऑक्टोबर २०१८मध्ये ३००० वरून २७५० वर आली. तरी प्रो खेळाडूंना ती हातात घ्यायला कित्येक महिने लागले. मग २०१९मध्ये जो तो तिच्यामागे! हेल्मेट असलं तरी डोक्यात एकच गोळी पुरे. एकेसारखंच, वर स्कोप.

लगेच ओरड सुरू: ही बंदूक म्हणजे कौशल्याचा अपमान. मला हे पटत नाही. एकेचा रिकॉइल हातात बसायला शेकडो तास जातात, मान्य. पण जुन्या पीसीवर सेटिंग उतरवून खेळणाऱ्याला लांबचं डोकं म्हणजे चार पिक्सेल. स्कोपमुळे ते निदान दिसायचं. १४४ हर्ट्झचा मॉनिटरही विकत घेतलेला फायदाच की, तोही खऱ्या पैशांनी. त्याला कोणी नावं ठेवत नाही.

किंमत परत ३००० केली, तरी लोक ती घेतच राहिले. शेवटी एप्रिल २०२०मध्ये तिचा फायर रेटच कमी केला.

आमच्या पाच जणांत तिच्यावर खेळणारा एक होता. आता तो एके घेतो आणि बहुतेक वेळ स्मोकच टाकतो.