वकट, लेंड, मूंड

आमच्या लहानपणी पूर्णा जंक्शनला विटीदांडू खेळताना दांडूने अंतर मोजायचे, ते आकड्यांनी नव्हे. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू! मोजणी ज्या नावावर संपेल, त्याप्रमाणे विटी कधी पायावर, कधी मुठीवर, तर कधी चक्क डोळ्यावर ठेवून टोलवायची.

या नावांचा अर्थ विचारायचा तो शेजारच्या अण्णांना. व्युत्पत्तीच्या बाबतीत अण्णा मोठे दानशूर. "अरे, मूंड म्हणजे मुंडकं, नाल घोड्याची, आर पराणीची, आणि वेद म्हणजे वेदच! ऋषिमुनींचा खेळ आहे हा." डोळ्यावर विटी ठेवून उभे असलेले वसिष्ठ मी कितीतरी दिवस मनात बाळगले होते. लेंडाचा अर्थ मात्र अण्णा चारचौघांत सांगत नसत.

पुढे रेल्वे क्वार्टरमध्ये एक तेलुगू मुलगा राहायला आला. आमची मोजणी ऐकून तो पोट धरधरून हसला. मग बोटे मोजत म्हणाला, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु." म्हणजे आमचे हे मंत्र निव्वळ एक, दोन, तीन! वर त्याने विचारले, "तुमचा पाच कुठं गेला रे?" खरेच, पाच आम्ही गिळला होता, आमचा सहा पाचव्या जागी बसला होता आणि एडुचा वेद झाला होता. गणितातल्या माझ्या मार्कांचे मूळ तिथपर्यंत जात असावे.

मी अण्णांकडे धावलो. अण्णा डगमगले नाहीत. "निजामाचा परिणाम!" म्हणून मोकळे झाले.

आता, परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत तेलुगू मुलखाबरोबर एकाच हैदराबाद राज्यात नांदला, हे खरे. पण पुण्याची पोरे कोणत्या निजामाची रयत होती? वकट-लेंड तिथेही चालेच. माझे स्पष्ट मत असे की, आपल्या व्युत्पत्तिकारांना शब्द एक तर ऋषीने दिलेला लागतो, नाही तर राजाने लादलेला. पोरांनी पोरांकडून उचललेला शब्द त्यांच्या हिशेबातच नसतो.

त्या मुलाला आम्ही खेळात घेतले. ऐदुही घेतला. सगळी नावे आपलीच म्हणून तो आठ दिवस भलताच मिजाशीत होता. मग एकदा अडला.

"झकू म्हणजे काय रे?"

"ते आमचं आहे," मी म्हणालो. "चल, विटी ठेव."